तपासायला दिलेला मजकूर

वायटूकेचं, म्हणजे सन २००० साठी कॉम्प्युटरमधल्या तारखा दुरुस्त करायचं काम संपलं आणि आमच्या कंपनीने आम्हा अकरा जणांना बेंचवर बसवलं. बेंचवर म्हणजे पगार चालू, काम नाही. सकाळी साडेनऊला हजेरी लावायची, संध्याकाळी सहाला बाहेर पडायचं आणि मधले तास नवीन प्रोजेक्टची वाट बघत काढायचे. मी चोवीस वर्षांची होते. अकोल्याहून शिकायला पुण्यात आले होते, कर्वेनगरमध्ये आणखी दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहत होते. बेंचवरचे काही जण जावाची पुस्तकं वाचत, काही जण अमेरिकेतल्या नोकऱ्या शोधत. माझ्या शेजारच्या मुलाने मला एका खेळाची साइट दाखवली आणि पुढचं वर्षभर मी त्या खेळात राहिले.

त्यात चित्रं नव्हती, आवाज नव्हता, नुसता मजकूर. एक काल्पनिक बेट होतं, त्यावर एक बंदर. प्रत्येक खेळाडूने आपलं एक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राच्या वाट्याचा प्रसंग इंग्रजीत लिहून साइटवर लावायचा. तो वाचून दुसरा खेळाडू पुढचं लिहिणार. अशी ती गोष्ट रोज दोन-चार पानं सरकायची. तीसेक जण होते. कुणी बंगळूरला, कुणी सिंगापूरला, आणि खेळ चालवणारा गृहस्थ कॅनडात. त्याला सगळे मॉडरेटर म्हणत. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. ओळख होती ती लिहिण्यावरून.

बेटावर कट, खून, विश्वासघात सगळं चालायचं, पण ते पात्रांनी करायचं. खेळाडूंना मात्र नियम होते आणि ते कडक होते. मी तलवार उगारली असं मी लिहायचं. ती लागली की चुकली हे ज्याच्यावर उगारली त्याने लिहायचं. दुसऱ्याच्या पात्राचा हातसुद्धा आपण हलवायचा नाही. आणि खेळाडू म्हणून आपल्याला बाहेरून काही कळलं, तरी आपल्या पात्राला ते माहीत असल्यासारखं वागायचं नाही. हे कोण तपासणार? कुणीच नाही. माणसं आपापल्या मनाने पाळायची. मला याचं फार अप्रूप वाटायचं. कॉलेजात पहिल्या वर्षी मी "काय करून राहिली" असं म्हटलं की वर्गातल्या पुणेरी मुली एकमेकींकडे बघायच्या. एकीने तर शांतपणे विचारलं होतं, "करून राहिली, मग आता कुठे राहते?" त्यानंतर मी बोलणं तोलून-मापून करायला शिकले. इंग्रजी मात्र माझं पहिल्यापासून चांगलं होतं. बेटावर फक्त तेच लागत होतं.

माझं पात्र धान्याचा व्यापारी होता. लठ्ठ, लबाड, झुपकेदार मिशांचा. लोकांना तो आवडायचा.

दीपगृहाचा रखवालदार ज्याचं पात्र होतं, तो खेळाडू आठवड्यातून तीनदाच लिहायचा. पाय अधू असलेला म्हातारा रखवालदार, वर दिवा, खाली समुद्र. त्याच्या इंग्रजीत चुका असायच्या, पण तो लिहायचा ते दिसायचं. जिन्याच्या किती पायऱ्या झिजल्यात, कंदिलाची काच पुसताना कापडाला काय वास येतो, दुखरा पाय कुठल्या पायरीवर आधी टेकतो. बाकीचे आम्ही वादळं आणि राजवाडे लिहीत होतो.

एकदा सकाळी लाइट जायच्या आत साइटवरच्या गप्पांच्या पानावर मी लिहिलं, की आज गुरुवार, दुपारपर्यंत वीज नसेल, माझी वाट बघू नका. दुसऱ्या दिवशी मला एक मेल आली. रोमन लिपीतलं मराठी. "नमस्कार. गुरुवारी लाइट जाते म्हणजे आपण पुण्यातले. मीही. दीपगृह माझं आहे."

त्यांनी चिंचवडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं टूलरूममध्ये साचे आणि हत्यारं बनवायचं काम केलं होतं. कारखान्याने जुनी मशीनं काढली, नवीन आणली आणि माणसांना व्हीआरएस देऊन मुदतीआधीच निवृत्त केलं. वय सेहेचाळीस. घरच्यांनी सांगितलं, कॉम्प्युटर शिका. म्हणून ते शनिवार पेठेतल्या एका क्लासला जायला लागले. क्लास संपल्यावर तासभर मशीन वापरायला मिळे, तेव्हा हा खेळ त्यांना सापडला. "इंग्रजीची सवय होते," असं त्यांनी लिहिलं होतं. तिसऱ्या की चौथ्या मेलमध्ये त्यांनी विचारलं, "मी लिहिलेलं आधी तुम्हाला पाठवलं तर चुका काढून द्याल का? कॅनडावाल्यांसमोर चूक दिसली की मला दिवसभर खटकतं."

मी नेहमीसारखं इंग्रजीतच हो लिहिलं, खाली सही व्यापाऱ्याची. मला आनंदच झाला. पुण्यात येऊन सहा वर्षं झाली होती आणि कुणीतरी मला भाषा दुरुस्त करायला सांगत होतं.

तेव्हापासून त्यांचा मजकूर आधी माझ्याकडे यायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी अकराच्या आसपास. मी तो दुपारपर्यंत नीट करून परत पाठवायचे आणि पुढच्या क्लासच्या वेळी ते तो साइटवर लावायचे. महिन्याभरात लोक लिहायला लागले, की रखवालदाराची भाषा किती सुधारली. मॉडरेटरने एकदा त्यांचा अख्खा उतारा नवीन खेळाडूंना नमुना म्हणून लावला. काकांनी, मी मनात त्यांना काकाच म्हणायला लागले होते, मला कळवलं, "मुलीला दाखवलं. बारावीला आहे. ती म्हणाली, बाबा हे तुम्ही?"

आम्ही एकदा भेटलो. बुधवार पेठेत त्यांना शब्दकोश घ्यायचा होता, मी बरोबर येईन का असं त्यांनी विचारलं होतं. ठरलेल्या दुकानापाशी पांढरा हाफ शर्ट घातलेले, कानावर पेन्सिल अडकवलेले एक गृहस्थ उभे होते. ते माझ्यामागे बघत राहिले. मी "काका" म्हटलं तेव्हा म्हणाले, "मला वाटलं होतं एखादे साहेब येतील. मिशांबद्दल फार अधिकाराने लिहिता हो तुम्ही." शब्दकोश घेतल्यावर आम्ही अमृततुल्यमध्ये चहा घेतला. त्यांनी पिशवीतून एक वही काढली. माझ्या सगळ्या दुरुस्त्या त्यात लिहिलेल्या होत्या. डाव्या पानावर त्यांचं वाक्य, उजव्या पानावर माझं, आणि कुठे काय बदललं ते लाल पेनाने.

"हे द कुठे लावायचं आणि ए कुठे, ते अजून बसत नाहीये," ते म्हणाले. "टूलरूममध्ये बरं होतं. माप चुकलं तर चुकलं. इथे नियम विचारला की तुम्ही म्हणता, कानाला बरं वाटतं म्हणून."

"येईल काका हळूहळू."

"घाई नाही. आता वेळच वेळ आहे."

त्या पावसाळ्यानंतर खेळात एक मोठं प्रकरण रंगलं. माझ्या व्यापाऱ्याने प्रतिस्पर्ध्याचं जहाज खडकावर नेऊन बुडवलं होतं. ते कुणाला सिद्ध करता येत नव्हतं आणि बंदराचा प्रमुख निवडायची सभा जवळ आली होती. प्रमुख व्हायला माझा व्यापारी उभा होता. मॉडरेटरने मला खासगीत कळवलं होतं, की व्यापारी निवडून आला तर खेळ चालवायला मला मदतीला घेईल. सहायक मॉडरेटर. आज हे सांगताना हसू येतं, पण तेव्हा ऑफिसात मला कुणी एक फाइल उघडायला सांगत नव्हतं. शेजारचा मुलगा आणि आणखी दोघं जेवणानंतर माझे प्रसंग वाचायला माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. दिवसातली तीच दहा मिनिटं मी कुणीतरी असायचे.

सभेच्या आदल्या आठवड्यात काकांची मेल आली. नेहमीपेक्षा लांब. "हे तीन प्रसंग एकदम पाठवतोय. फार दिवस मनात होतं. सावकाश बघा."

मी वाचलं. बुडालेल्या जहाजावरचा एक खलाशी वाचला होता. रखवालदाराने त्याला लाटांतून ओढून काढलं होतं आणि महिनाभर दीपगृहाच्या जिन्याखालच्या कोनाड्यात लपवून ठेवलं होतं. ते इतक्या बेमालूमपणे केलं होतं, की आधीच्या प्रसंगांत रखवालदार दोन भाकरी का भाजतो, जिन्यावरून उतरताना मध्येच का थांबतो, याचा अर्थ मला आत्ता लागला. मीच ते प्रसंग दुरुस्त केले होते आणि मला काही कळलं नव्हतं. तिसऱ्या प्रसंगात खलाशी भर सभेत उभा राहून साक्ष देतो. तो व्यापाऱ्यावर ओरडत नाही, शिव्या देत नाही. जहाज फुटताना कोण कुठे उभं होतं, एवढंच एकेक करून सांगतो.

मी ते वाचून उठले, पाणी प्यायले आणि परत येऊन पुन्हा वाचलं. माझा व्यापारी संपला होता. त्याहून मोठी गोष्ट अशी, की हे माझ्यापेक्षा फार चांगलं होतं. इंग्रजी माझं चांगलं होतं, पण मला हे सुचलं नसतं. दहा वर्षं दिली असती तरी नसतं. सगळ्या चुका जशाच्या तशा ठेवूनही ते चांगलं होतं, हे मला दिसत होतं आणि सहन होत नव्हतं.

मी तिन्ही प्रसंग दुरुस्त केले. मनापासून केले, एक स्वल्पविराम सोडला नाही. दुपारी तीनला ते काकांना परत पाठवले. ते दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासला जाईपर्यंत त्यांना मेल बघता येणार नव्हती, हे मला माहीत होतं. चार वाजता मी माझा प्रसंग साइटवर लावला. व्यापाऱ्याला संशय येतो, तो चार माणसं दीपगृहावर पाठवतो, ती माणसं थेट जिन्याखालचा कोनाडा उघडतात आणि आत लपलेल्या खलाशाला मारून समुद्रात टाकतात. आणि मी लिहिलं, की रखवालदार घाबरून भिंतीला चिकटून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही.

शेजारच्या मुलाने वाचून टेबलावर हात मारला. "काय सुचतं यार तुला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची एका ओळीची मेल होती. "मॅडम, व्यापाऱ्याला जिन्याखालचं कसं कळलं?"

मी उत्तर लिहिलं, "काका, व्यापारी धूर्त आहे, त्याने अंदाज केला असेल. तुमच्या भाकऱ्यांवरून." आणि पुढे, मला आज लिहायला लाज वाटते, एक हसरा चेहरा टाकला.

त्यांचं काही उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी त्यांनी गप्पांच्या पानावर, सगळ्यांसमोर तक्रार लिहिली. ती माझ्याकडे आधी आली नव्हती. ती त्यांनी एकट्याने लिहिली होती. मला ती पाठ आहे.

"धिस इज नॉट फेअर प्ले. आय गिव्ह माय रायटिंग इन ट्रस्ट. ही रीड इट बिफोर अँड ही किल द सेलर. माय कीपर इज नॉट अफ्रेड. आय नेव्हर राइट ही इज अफ्रेड."

तासाभरात उत्तरं यायला लागली. कुणी तक्रारीतल्या मजकुराबद्दल बोललंच नाही. पहिल्याने विचारलं, हे कोण लिहितंय? दुसरा म्हणाला, रखवालदाराचा पासवर्ड कुणीतरी चोरलेला दिसतो, त्याचं इंग्रजी आता असं राहिलेलं नाही. तिसऱ्याने त्या पाच वाक्यांची नक्कल करून विनोद केला, आणि त्यावर आणखी सात-आठ विनोद. अकोल्याच्या मुलीला कॉलेजात जे हसू ऐकू यायचं, ते इथे पडद्यावर दिसत होतं.

मॉडरेटरने मला सरळ विचारलं. "त्याचं लिखाण तू आधी पाहिलं होतंस का?"

हो म्हणायला एक शब्द पुरला असता. मी लिहिलं, "नाही. आणि ही तक्रार कोण लिहितंय तेही मला माहीत नाही."

मॉडरेटर अन्यायी माणूस नव्हता. त्याने तक्रार करणाऱ्याला एक संधी दिली. तू खरोखरच रखवालदार असशील, तर दीपगृहाबद्दल एक परिच्छेद इथेच लिहून दाखव. आम्ही ओळखू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडद्यासमोरून हलले नाही. सव्वाअकराला परिच्छेद आला. रखवालदार रिकामा कोनाडा झाडतो, एवढाच. क्रियापदं वेडीवाकडी, अनेकवचनं गळालेली. सहा महिने मी ज्या चुका पुसत होते त्या सगळ्या रांगेने उभ्या होत्या. फक्त एक गोष्ट वेगळी होती. द आणि ए, दोन्ही, प्रत्येक ठिकाणी बरोबर होते. जगात ते फक्त मला कळणार होतं. काका वहीतून शिकले होते.

त्याच वेळी माझ्या मेलमध्ये त्यांचं पत्र आलं. "मॅडम, मी तुमचं नाव, गाव काही लिहिलेलं नाही. तुम्ही बाई आहात हेही नाही. एकदा खरं सांगा, बस."

मी उत्तर दिलं नाही. दुपारी मॉडरेटरने त्यांना खेळातून काढलं. खोटी ओळख, असं कारण लिहिलं.

व्यापारी बंदराचा प्रमुख झाला. मी सहायक मॉडरेटर झाले. नवीन येणाऱ्यांसाठी नियमांचं पान नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि बाहेरून कळलेलं खेळात आणायचं नाही, हा नियम मी इतका स्वच्छ लिहिला की मॉडरेटरने कौतुक केलं. खुर्चीमागे उभे राहणारे आता चार झाले होते. माझं लिहिणं मात्र बिघडलं. व्यापाऱ्याचं एक वाक्य लिहायला अर्धा तास जायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवारी अकरा वाजले की हात आपोआप मेल उघडायचा.

दोन महिन्यांनी बंगळूरच्या एका मुलीविरुद्ध तक्रार आली, साधारण तशीच. मैत्रिणीने फोनवर सांगितलेलं गुपित तिने खेळात वापरलं होतं. चौकशी माझ्याकडे आली. मी तिला अगदी कडक भाषेत विचारलं. पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं, "हो, मी केलं. चुकलं माझं. प्रसंग काढून टाका." तिला ते इतकं सोपं गेलं, की मी बराच वेळ तिच्या त्या ओळीकडे बघत राहिले. मग त्या दुपारी बसून मी माझा कबुलीजबाब लिहिला.

तो मी चांगला लिहिला. तीन पानं. रखवालदार लिहिणारा माणूस खरा होता, तक्रार खरी होती, मी खोटं बोलले. पुढे मी सगळं समजावून सांगितलं. हे पुण्यातले कारखान्यात काम केलेले गृहस्थ आहेत, त्यांची नोकरी गेली, इंग्रजी कच्चं असल्यामुळे ते मजकूर माझ्याकडून तपासून घेत, मी त्यांना मदत करत असे आणि त्या विश्वासाचा मी घात केला. वाचणाऱ्यांना रडू यावं अशी ती पानं होती. काहींना आलंही. मला सहायकपदावरून काढलं, पण बऱ्याच जणांनी लिहिलं, की असं उघडपणे मान्य करायला धैर्य लागतं. रखवालदाराचं खातं पुन्हा चालू झालं. मॉडरेटरने त्यांची जाहीर माफी मागितली.

तीन आठवडे गेले. रखवालदाराचा एक शब्द आला नाही. मी मेल केल्या, त्यांना उत्तर नव्हतं. एका शनिवारी दुपारी मी शनिवार पेठेत त्यांचा क्लास शोधत गेले. क्लासच्या बाईंनी सांगितलं, ते आता दोन गल्ल्या पलीकडे एका डीटीपीवाल्याकडे कामाला लागलेत, लग्नपत्रिका आणि अहवाल टाइप करतात.

लाकडी जिना चढून गेलं की एक लांबट खोली, तीन कॉम्प्युटर, भिंतीवर पत्रिकांचे नमुने. काका पाठमोरे बसले होते. पावलं ऐकून वळले नाहीत.

"पत्रिकेचं असेल तर मालक चारला येतात."

"काका, मी आहे."

त्यांनी हातातली ओळ पूर्ण टाइप केली, मग खुर्ची वळवली. "या. बसा. त्या स्टुलावर बसू नका, डुगडुगतंय."

मी उभीच राहिले. "मी माफी मागायला आलेय. मेल केल्या होत्या."

"मिळाल्या. आणि ते साइटवरचंही वाचलं. मुलीने प्रिंट काढून आणली होती."

"मग तुम्ही परत का नाही आलात? सगळे तुमची वाट बघतायत."

"बघतायत खरे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चौदा जणांची पत्रं आली मला. सगळी फार प्रेमळ. अगदी सोप्या इंग्रजीत लिहिली होती, एकेक वाक्य सुटं करून. लहान पोरांना लिहितात ना, तसं. पूर्वी तो कॅनडातला मला दणकून अवघड लिहायचा. मी शब्दकोश घेऊन बसायचो. ते बरं होतं."

"मी खरं ते सांगितलं काका. सगळं."

"सगळंच सांगितलंत. मी काय मागितलं होतं? की तुम्ही आधी वाचलं होतं, एवढं सांगा. एक ओळ. माझी नोकरी गेली, मी कारखान्यातला, माझं इंग्रजी कच्चं, हे तुम्ही कुणाला विचारून लिहिलंत?" आवाज चढलेला नव्हता. पत्रिकेतली चूक दाखवावी तसं ते सांगत होते. "तिथे कुणाला माहीत नव्हतं मी कोण आहे. ती एकच जागा होती. खोटारडा ठरलो तेव्हा राग आला, पण रखवालदाराला तरी कुणी कमी लेखलं नव्हतं. आता तिथे गेलो तर मी बिचारा. आणि तुम्ही प्रामाणिक."

"मला वाटलं लोकांना समजावं म्हणून..."

"समजलं ना लोकांना. आणि ते 'मदत' लिहिलंयत, तेही खटकलं. मी तुमच्याकडे मदत मागायला आलो नव्हतो हो. टूलरूममध्ये माझं काम दुसऱ्याने तपासलं, की तो काही माझ्यावर उपकार करत नसे. तपासणाऱ्याचं ते काम असतं."

जिन्यावर पावलं वाजली. एक जोडपं वर आलं, पत्रिका घेऊन. काकांनी चष्मा लावला आणि त्यांच्याशी बोलायला लागले. मुलीच्या आडनावातला र्‍ह कसा लिहायचा यावर त्यांची चर्चा सुरू झाली. मी दाराशी उभी होते. मध्येच त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, निघा आता, अशी. त्यात राग नव्हता. काम होतं त्यांना.

खाली आले आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबले. इतके दिवस मी धरून चालले होते, की मी एक वाईट गोष्ट केली आणि नंतर एक चांगली. तिथेच उभं राहून मी कबुलीजबाबातली वाक्यं एकेक आठवली, आणि तो लिहिताना मला किती बरं वाटलं होतं तेही आठवलं. मॉडरेटरला हो म्हणायचं राहिलं होतं, ते मी तीन पानं भरून स्वतःसाठी म्हटलं होतं.

सोमवारी मी मॉडरेटरला लिहिलं, की माझ्या कबुलीजबाबातून त्या गृहस्थांबद्दलची सगळी वाक्यं काढून टाक, फक्त पहिली ओळ ठेव. त्याने कारण न विचारता तसं केलं. पण ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं. महिन्याभराने मला प्रोजेक्ट मिळालं, मी खेळ सोडला, आणि पुढे दोन वर्षांत ती साइटही बंद पडली.

ती वाक्यं काढली आहेत, एवढं मी काकांना मेलने कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं नाही. त्यानंतर मी त्यांना कधी लिहिलं नाही, की त्या गल्लीत गेले नाही. त्यांना आणखी त्रास नको, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे ते काय म्हणतील, याची मला भीती वाटायची. अजूनही वाटते.